एसीतला एक किलो गॅस पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतका कसा? फ्लोरीनच्या रेणूत असं काय असतं?

गोदाकाठ · शनिवार, रात्री ९.१०

आमच्या हॉलमध्ये २०११ सालचा दीड टनी एसी आहे, आर-२२ गॅसचा. यंदा थंड करेना म्हणून दुरुस्तीला माणूस बोलावला. बाहेरच्या युनिटची कॉइल गळतेय, बदलावी लागेल, असं त्याने सांगितलं. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात बाल्कनीतून जोरात फुस्स असा आवाज आला. राहिलेला गॅस त्याने सरळ हवेत सोडून दिला होता. विचारलं तर म्हणाला, "ताई, सगळे असंच करतात. विषारी नाही, कुणाला काही होत नाही."

लेक नववीत आहे. तिने रात्री शोधून काढलं की एक किलो आर-२२ म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबात १,७६० किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढा धूर काढायला साडेसातशे लिटरहून जास्त पेट्रोल जाळावं लागेल. तेव्हापासून तिचं एकच चाललंय: "आई, किलो तर किलोच. मग हा किलो त्या किलोपेक्षा इतका जड कसा?"

मी वाणिज्य शाखेची. "त्यात फ्लोरीन असतो म्हणून" एवढंच उत्तर सगळीकडे दिसतं. पण फ्लोरीन असला म्हणून नेमकं काय होतं? इथे रसायनशास्त्रवाले आहेत, समजावून सांगाल का?

वाटसरू_६२ · शनिवार, रात्री ९.३४

हे गॅस ओझोनच्या थराला भोक पाडतात, त्यातून ऊन जास्त येतं आणि पृथ्वी तापते. आम्ही तरी असंच शिकलो.

मूलद्रव्य · शनिवार, रात्री १०.०५

वाटसरूकाका, ही गल्लत फार जणांची होते. ओझोन कमी होणं आणि पृथ्वी तापणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. ओझोन खातो तो क्लोरीन, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवलं. उष्णता अडवण्यात फ्लोरीनच्या बंधांचा मोठा वाटा असतो. आर-२२ च्या रेणूत एक कार्बन, एक हायड्रोजन, एक क्लोरीन आणि दोन फ्लोरीन आहेत, म्हणजे दोन्ही दुखणी एकाच रेणूत. हल्लीच्या एसींतल्या आर-३२ मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. तापमानवाढीचा त्याचा आकडा (किलोला किलो, कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) मात्र ६७७ आहेच.

ताई, लेकीच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. उद्या सकाळी निवांत लिहितो. (आकडे देईन ते आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या पाचव्या अहवालातले, शंभर वर्षांच्या हिशेबाचे. अहवालागणिक ते थोडे बदलतात.)

मूलद्रव्य · रविवार, सकाळी ७.४५

उत्तराचे दोन भाग आहेत. रेणू उष्णता पकडतो कसा, हा पहिला. तो हवेत टिकतो किती, हा दुसरा. आज पहिला.

पृथ्वी ऊन घेते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात अवकाशात सोडते. जमिनीचं सरासरी तापमान १५ अंश धरलं तर या किरणांचा जोर १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास असतो. कोरड्या हवेत ९९ टक्के भरलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्यांना आडवे येत नाहीत. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये लंडनला प्रयोग करून हे पाहिलं होतं. कारण साधं आहे. या रेणूंत दोन सारखेच अणू. ते स्प्रिंगसारखे ताणले काय, आखडले काय, विद्युतभार दोन्ही टोकांना सारखाच राहतो. किरण म्हणजे विद्युत-चुंबकीय लाट, तिला अशा रेणूत धरायला काही सापडतच नाही. रेणूचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण व्हायला हवं, आणि रेणू थरथरला की ही वाटणी बदलायला हवी. तरच तो किरण शोषतो.

आता फ्लोरीन. इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्यात त्याच्या पुढे कोणी नाही. पॉलिंगच्या मोजपट्टीवर फ्लोरीन ३.९८, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०. कार्बन-हायड्रोजन बंधात ओढाताण जेमतेम, कार्बन-फ्लोरीन बंधात ती टोकाची. त्यामुळे हा बंध ताणला-आखडला की भाराची उलथापालथ मोठी होते, आणि रेणू किरण भरपूर शोषतो.

पण नुसतं जोरात शोषून भागत नाही, तालही जुळावा लागतो. झोका त्याच्या लयीतच ढकलला तर चढतो, तसं. प्रत्येक बंधाची लय ठरलेली असते. पाण्याची वाफ ६.३ मायक्रॉनला आणि पार लांबच्या तरंगांना अडवते, कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रॉनच्या आसपास. मधला साधारण ८ ते १२ मायक्रॉनचा पट्टा बराचसा मोकळा आहे, फक्त ९.६ ला ओझोनची एक पट्टी आहे. या पट्ट्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. कार्बन-फ्लोरीन बंधाची लय पडते ७ ते १० मायक्रॉनच्या दरम्यान. म्हणजे बऱ्याच अंशी त्या खिडकीतच.

लेकीला गोधडीचं उदाहरण द्या. वातावरण ही आपली गोधडी. कार्बन डायऑक्साइडच्या जागी ती आधीच जाड आहे, तिथे आणखी एक थर शिवला की ऊब वाढते, पण थोडी. खिडकी म्हणजे गोधडीतला विरलेला भाग, जिथून ऊब बाहेर जाते. फ्लोरीनचा रेणू नेमकं तिथेच ठिगळ लावतो. म्हणून ठिगळ एवढंसं असलं तरी फरक मोठा पडतो.

द्राक्षबाग · रविवार, सकाळी ८.३०

मी निफाडचा. थंडीत आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की पहाटे पारा असा उतरतो की मण्यांना तडे जातील म्हणून आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो. तेच संध्याकाळी ढग आले की रात्र उबदार जाते, आम्ही निवांत झोपतो. सर, तुमची खिडकी ती हीच का?

मूलद्रव्य · रविवार, सकाळी ८.५२

द्राक्षबाग, अगदी हीच! कोरडी, निरभ्र रात्र म्हणजे खिडकी सताड उघडी. जमिनीची उष्णता ८ ते १२ मायक्रॉनमधून थेट अवकाशात. ढग आले की खिडकी बंद. पुढच्या वेळी वर्गात तुमच्या बागेचंच उदाहरण देईन.

उच्चदाब · रविवार, सकाळी १०.१५

३३ वर्षं वीज उपकेंद्रांत नोकरी केली. आमच्या सर्किट ब्रेकरमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड असायचा, सगळे एसएफ-६ म्हणायचे. दाब कमी झाल्याचा अलार्म आला की सिलिंडर लावून भरायचा. तो उष्णता अडवतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीच्या आधी तीन-चार वर्षं एका प्रशिक्षणात कळलं की त्याचा आकडा २३,५०० आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. किती सिलिंडर भरले, त्यातला किती गॅस गळालेला होता, हे मोजत बसलो.

मूलद्रव्य सर, माझा प्रश्न. एसएफ-६ चा रेणू पूर्ण सममित आहे. मध्ये सल्फर, सहा दिशांना सहा फ्लोरीन. एक टोक धन, एक ऋण असा प्रकारच नाही. तुमच्या नियमाने त्याने नायट्रोजनसारखं किरणाला जाऊ द्यायला हवं. मग?

वाटसरू_६२ · रविवार, सकाळी १०.४०

माझाही एक प्रश्न. एसएफ-६ हवेच्या पाचपट जड ना? मग तो जमिनीलगतच पडून राहील, वर जाऊन उष्णता अडवेल कशी?

उच्चदाब · रविवार, सकाळी ११.०२

काका, बंद जागेत तो खाली बसतो हे खरं. केबलच्या चरात गळला तर खालची हवा बाजूला सारतो आणि आत उतरलेला माणूस गुदमरू शकतो. त्यासाठी आम्ही आधी पंखा लावून हवा खेळती करायचो. पण मोकळ्या वाऱ्यात एकदा मिसळला की वेगळा होत नाही. वारे सगळं घुसळत राहतात. साधारण १०० किलोमीटर उंचीपर्यंत जड-हलके वायू मिसळलेलेच असतात. आपला ऑक्सिजनही नायट्रोजनपेक्षा जड आहे, तो कुठे तळाशी बसतो?

मूलद्रव्य · रविवार, दुपारी १२.२०

उच्चदाब, तुम्ही वर्गात असता तर या प्रश्नाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मंगळागौरीचा फेर डोळ्यांसमोर आणा. मध्ये एकजण, भोवती सहाजणी. सगळ्या एकदम मागे सरकल्या आणि एकदम पुढे आल्या तर फेर लहान-मोठा होतो, पण तोल कुठे ढळत नाही. हे सममित कंपन, आणि त्यात एसएफ-६ किरण शोषत नाही. तुमचं म्हणणं इथे बरोबर आहे. पण फेर आणखीही तऱ्हांनी हलू शकतो. मधली डावीकडे सरकली आणि भोवतालच्या उजवीकडे, तर क्षणभर तोल ढळतो. रेणूत सल्फर किंचित धन, फ्लोरीन किंचित ऋण. सल्फर एका बाजूला आणि फ्लोरीन दुसऱ्या बाजूला गेले की तेवढ्यापुरती दोन टोकं तयार होतात, पुढच्या क्षणी उलटी. स्थिर रेणूला टोकं असावी लागतात असं नाही, कंपनात ती तयार झाली तरी पुरतं. कार्बन डायऑक्साइडही सरळ रेषेतला सममित रेणूच आहे. तो वाकतो तेव्हा १५ मायक्रॉनला शोषतो.

एसएफ-६ चं हे कंपन १०.५ मायक्रॉनच्या जवळपास येतं, खिडकीच्या जवळजवळ मधोमध. सहा बंध, सहाही प्रखर, आणि जागा ही अशी. रेणूगणिक ताकद पाहिली तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ४१,००० पट. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण १०.६ मायक्रॉनचा असतो आणि एसएफ-६ तो इतका शोषतो की प्रयोगशाळांत त्याचे हे प्रयोग नेहमीचेच आहेत.

आकडेमोड · रविवार, दुपारी २.१०

गोदाकाठताई, लेक नववीत आहे म्हणजे त्रैराशिक येतं. "किलो तर किलोच" याचं उत्तर तिला स्वतः काढता येईल. गाडीच्या एसीतला आर-१३४ए घेऊ.

त्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूच्या सुमारे ११,७०० पट उष्णता अडवतो. पण १३४ए चा रेणू जड आहे, रेणूभार १०२, आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४. एका किलोत रेणू कमी बसणार. ११,७०० ला ४४ ने गुणून १०२ ने भागलं की साधारण ५,०००. म्हणजे सोडला त्या क्षणी किलोमागे पाच हजार पट.

आता काळ. १३४ए हवेत सरासरी १३.४ वर्षं टिकतो. आज सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडं, समुद्र हळूहळू घेत जातात. त्याच्या पुढच्या शंभर वर्षांच्या कामाची बेरीज केली तर ती पूर्ण ताकदीच्या सुमारे ५२ वर्षांएवढी भरते. म्हणून ५,००० ला १३.४ ने गुणायचं, ५२ ने भागायचं. उत्तर १,३०० च्या आसपास. अहवालातला आकडा १,३००.

एसएफ-६ चंही करून पाहिलं. किलोमागे १२,५०० पट, आणि शंभर वर्षांत तो जवळजवळ कमीच होत नाही, म्हणून ९८ वर्षं धरली. १२,५०० गुणिले ९८ भागिले ५२. बरोबर २३,५०० च्या घरात येतं.

कागदावर हे जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, रेणूची ताकद, वजन आणि आयुष्य एवढ्या तीनच गोष्टींतून ते येतात.

जुनीपाने · रविवार, दुपारी ४.३०

थोडा इतिहास. फ्रिजमधले हे वायू उष्णताही अडवतात, हे पहिल्यांदा वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडलं. क्लोरोफ्लुरोकार्बनचा एकेक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त भारी पडतो, असं त्यांचं गणित होतं. अमेरिकेला जाण्याआधी ते सिकंदराबादला रेफ्रिजरेशनच्या कंपनीत इंजिनिअर होते आणि गॅसची गळती हाच त्यांच्या कामाचा विषय होता. गळणाऱ्या गॅसवर काम केलेल्या माणसानेच तो गॅस पुढे हवेत जाऊन काय करतो हे शोधलं, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ विचार करत बसलो होतो.

गुंगी · रविवार, रात्री ९.५०

मी भूलतज्ज्ञ. आमच्या शस्त्रक्रियागृहातही हेच वायू आहेत, हे फार लोकांना ठाऊक नसतं. रुग्ण श्वासातून घेतो तो भुलीचा वायू शरीरात फारसा मोडत नाही, उच्छ्वासातून बाहेर पडतो आणि नळीवाटे इमारतीच्या बाहेर.

आता एक कोडं. सेव्होफ्ल्युरेनच्या रेणूत ७ फ्लोरीन आहेत, डेसफ्ल्युरेनमध्ये ६. फ्लोरीन जास्त म्हणजे जास्त वाईट, या हिशेबाने सेव्हो वाईट ठरायला हवा. प्रत्यक्षात सेव्होचा आकडा २१६ आणि डेसचा २,५४०! शिवाय डेस वापरायचा तर सुमारे ६ टक्के लागतो, सेव्हो २ टक्क्यांत भागतो. युरोपीय संघाने जानेवारी २०२६ पासून डेसवर बंदी आणली आहे, वैद्यकीयदृष्ट्या दुसरा इलाजच नसेल तेवढे प्रसंग सोडून. मी स्वतः डेस वापरणं केव्हाच थांबवलं आणि वायूचा प्रवाह जमेल तेवढा कमी ठेवते. रुग्णाच्या सुरक्षिततेला त्याने कुठेही धक्का लागत नाही.

मूलद्रव्य सर, ७ फ्लोरीनवाला ६ वाल्यापेक्षा सौम्य कसा?

मूलद्रव्य · सोमवार, सकाळी ६.५५

डॉक्टर, तुमच्या कोड्यातच दुसरा भाग आहे. इथे फ्लोरीन मोजून भागत नाही, हायड्रोजन कुठे बसलाय ते पाहावं लागतं.

हवेत हायड्रॉक्सिल नावाचं मूलक असतं, एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन. उन्हामुळे ते सतत तयार होतं आणि क्षणार्धात कशावर तरी तुटून पडतं. वातावरणाचा झाडूवाला म्हणा. कार्बन-फ्लोरीन बंध त्याला तुटत नाही. कार्बनने केलेल्या एकेरी बंधांत हा सर्वांत बळकट, मोलमागे साधारण ४८५ किलोज्यूलचा. पण रेणूत कुठे हायड्रोजन असेल तर तो ओढून नेता येतो, आणि एकदा तो गेला की रेणू उसवत जातो. सेव्होच्या हायड्रोजनांपर्यंत झाडूवाला लवकर पोचतो, म्हणून तो सुमारे दोन वर्षं टिकतो. डेसचे हायड्रोजन फ्लोरीनच्या गराड्यात घट्ट आवळलेले, म्हणून १४ वर्षं.

मिथेनचे हायड्रोजन एकेक करून फ्लोरीनने बदलत गेलं की हे स्पष्ट दिसतं. दोन हायड्रोजन, दोन फ्लोरीन म्हणजे आर-३२, आयुष्य ५ वर्षं. एकच हायड्रोजन, तीन फ्लोरीन म्हणजे एचएफसी-२३ (एचएफसी म्हणजे हायड्रोफ्लुरोकार्बन: हायड्रोजन, फ्लोरीन आणि कार्बन असलेला रेणू). तो एकुलता हायड्रोजन इतका जखडलेला की आयुष्य २२२ वर्षं, आकडा १२,४००. आर-२२ बनवताना हा आपोआप तयार होतो. तो हवेत न सोडता जाळून नष्ट करा, असा आदेश भारत सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये कारखान्यांना दिला. आणि हायड्रोजन उरलाच नाही, चारही फ्लोरीन, तर कार्बन टेट्राफ्लोराइड. अ‍ॅल्युमिनियम बनवण्याच्या भट्ट्यांतून निघतो. त्याचं आयुष्य ५०,००० वर्षं. खालच्या हवेतलं काहीच त्याला मोडत नाही. गंमत अशी की रेणूगणिक तो एसएफ-६ पेक्षा बराच कमी शोषतो, कारण त्याची लय ७.८ मायक्रॉनला, खिडकीच्या कडेला पडते. त्याचा धोका शोषणापेक्षा आयुष्यात आहे.

आणि माझं सर्वांत आवडतं उदाहरण. एचएफसी-१४३ आणि एचएफसी-१४३ए. दोघांत दोन कार्बन, तीन हायड्रोजन, तीन फ्लोरीन. वजन तेच, अणू तेच. १४३ए मध्ये तिन्ही फ्लोरीन एका कार्बनवर, तिन्ही हायड्रोजन दुसऱ्यावर. १४३ मध्ये एका कार्बनवर दोन फ्लोरीन आणि एक हायड्रोजन, दुसऱ्यावर एक फ्लोरीन आणि दोन हायड्रोजन. बस, एवढाच फरक. पण १४३ए चं आयुष्य ४७ वर्षं आणि आकडा ४,८००. १४३ चं आयुष्य साडेतीन वर्षं आणि आकडा ३२८. एकाच कार्बनवर तीन फ्लोरीन गोळा झाले की ते शेजारच्या कार्बनच्या हायड्रोजनांनाही घट्ट करून ठेवतात, शिवाय उष्णताही थोडी जास्त शोषतात.

तेच अणू, फक्त मांडणी वेगळी, आणि आकड्यात जवळपास पंधरापट फरक. ताई, लेकीला वहीत हे दोन रेणू शेजारी शेजारी काढायला सांगा.

सरळरेषा · सोमवार, सकाळी ९.२०

माहिती छान आहे, पण मुद्दा ताणला जातोय असं वाटतं. जगाच्या एकूण हरितगृह उत्सर्जनात या सगळ्या फ्लोरीनच्या वायूंचा वाटा साधारण २ टक्के. खरा प्रश्न कोळसा आणि पेट्रोलचा. एसी दुरुस्त करणाऱ्या गरीब माणसाला दोषी ठरवून काय साधणार?

आकडेमोड · सोमवार, सकाळी १०.०५

सरळरेषा, २ टक्के बरोबर आहे आणि कोळशाबद्दलही तुमच्याशी सहमत. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, शंभर वर्षांचा हिशेब धरला म्हणून आर-३२ चा आकडा ६७७ दिसतो. त्याचं सगळं काम पहिल्या काही वर्षांतच होतं. वीस वर्षांचा हिशेब धरला तर तोच आकडा २,४३० होतो. आपल्या मुलांची पुढची वीस वर्षं मला महत्त्वाची वाटतात. दुसरी, हा वाटा वाढणारा आहे. आपल्याकडे एसी आत्ता कुठे घराघरांत येऊ लागलेत.

म्हणून तर २०१६ च्या किगाली कराराने एचएफसी कमी करायचं ठरलं. शतकाच्या अखेरीस ०.३ ते ०.५ अंशांची वाढ त्याने टळू शकते असा अंदाज आहे. भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. आपल्याला २०२८ मध्ये वापर गोठवायचा आहे, २०३२ पासून कपात सुरू, २०४७ पर्यंत ८५ टक्के.

गारवा_२६ · सोमवार, रात्री ११.१५

आत्ता कामावरून आलो, धागा पूर्ण वाचला. मी सांगलीचा, २६ वर्षं एसी-फ्रिजच्या धंद्यात. सरळरेषा दादा, आमची बाजू घेतलीत, आभार. पण दोष नाही म्हणजे चूक नाही असं होत नाही. मीही सुरुवातीला वर्षानुवर्षं गॅस हवेत सोडला. उस्तादाने तेच शिकवलं होतं.

गोदाकाठताई, तुमच्याकडे काय व्हायला हवं होतं ते सांगतो. घरातलं युनिट काढायचं असेल तर गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडता येतो. लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, गेजवरचा दाब शून्याला आला की सक्शनचा व्हॉल्व्ह बंद. आम्ही याला पंप डाउन म्हणतो. पण बाहेरचीच कॉइल बदलायची असेल तर ते चालत नाही. तिथे रिकव्हरी मशीन लावून गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो. मशीन महाग आहे, नवशिक्याला परवडत नाही. मी घेतलं तेव्हा बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. आणि गॅस काढायला अर्धा-पाऊण तास जास्त जातो, त्याचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, "हे कशाला वरचे? दुसरा तर घेत नाही."

सगळ्यांना कळकळीने एक सांगतो. एसीतला गॅस कधी "संपत" नाही. तो पेट्रोलसारखा वापरला जात नाही, बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर तुम्ही दर उन्हाळ्यात तो हवेत सोडताय. बहुतेक वेळा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी गळती असते. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने तपासायला लावा, मग व्हॅक्यूम, आणि मगच वजनकाट्यावर मोजून गॅस. गळती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला परत पाठवा.

आणि आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये आर-३२ किंवा प्रोपेन कुणी भरून देतो म्हणाला तर अजिबात भरू देऊ नका. आर-३२ चा दाब जुन्या मशीनला झेपत नाही, प्रोपेन पेट घेतो.

राईनकाठ · मंगळवार, पहाटे २.३०

मूळचा कोल्हापूरचा, आता जर्मनीत. इकडे नव्या गाड्यांच्या एसीत १२३४वायएफ नावाचा वायू असतो. मूलद्रव्य सरांच्या हिशेबात तो नेमका बसतो. फ्लोरीन चार, पण दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध मुद्दाम ठेवलेला. झाडूवाला थेट त्यावरच झडप घालतो, म्हणून आयुष्य अकरा-बारा दिवस आणि आकडा १ पेक्षाही कमी.

पण तो मोडून ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल बनतं, ते पावसाबरोबर खाली येतं आणि पाण्यातून जाता जात नाही. तीन फ्लोरीनचं ते टोक तिथेही अभंगच. इकडे पाण्यातल्या त्याच्या वाढत्या प्रमाणावरून मोठी चर्चा चालू आहे. म्हणून आम्ही घरी हीट पंप (एसीच्या उलट, बाहेरची उष्णता आत आणणारं यंत्र) घेतला तो प्रोपेनचा. त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन, फ्लोरीन नाहीच. पेट घेणारा आहे, म्हणून यंत्र घराबाहेर बसवलंय.

द्राक्षबाग · मंगळवार, सकाळी ७.०५

गारवा दादा, आमच्या गावच्या शीतगृहात आर-४०४ए आहे. तोही यातलाच का?

गारवा_२६ · मंगळवार, सकाळी ७.४०

हो. त्यात निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, तोच १४३ए आहे जो सरांनी सांगितला. मोठ्या यंत्रात किलोंनी असतो. गळतीची नोंदवही ठेवायला लावा.

गोदाकाठ · बुधवार, रात्री ८.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर मिळालं आणि त्याहून बरंच काही मिळालं.

लेकीने १३४ए चं त्रैराशिक स्वतः केलं, १,२८९ आलं. मग १४३ आणि १४३ए शेजारी शेजारी काढले. फ्लोरीनला हिरवा रंग, हायड्रोजनला पांढरा ठेवला. जुना एसी आम्ही आता भरून घेणार नाही. कॉइल उघडी आहे, आतला गॅस तर गेलाच. पण बेडरूममध्ये आणखी एक जुना आर-२२ वाला आहे, तो काढायचाय. गारवादादांनी सांगितलं तसं, रिकव्हरी मशीन असलेला माणूस गावात शोधला. जास्तीचे पैसे देते म्हटल्यावर त्याला आश्चर्य वाटलं. रविवारी येतोय.

लेकीचा पुढचा प्रश्न मात्र मला सुटला नाही. ती म्हणते, अणू तेच आहेत आणि १४३ इतका सौम्य आहे, तर शीतगृहात १४३ए कशाला घेतला? १४३ च का नाही?

मूलद्रव्य · बुधवार, रात्री ९.२०

शाब्बास! कारण मांडणी बदलली की उकळण्याचा बिंदूही बदलतो. १४३ए उणे ४७ अंशांना उकळतो, १४३ अधिक ५ च्या आसपास. शीतगृहात उणे २५ ला गॅस उकळायलाच हवा, तरच तो आतली उष्णता उचलतो. तिथे १४३ नुसता द्रव होऊन पडून राहील. कमी तापमानाला उकळणारा, सहज न पेटणारा आणि तरीही झाडूवाल्याच्या हाती लवकर लागणारा रेणू, हे तिन्ही एकत्र जमवणं अवघड आहे. तिला विचारा, रसायनशास्त्र घेणार का पुढे?

गोदाकाठ · बुधवार, रात्री ९.३१

विचारलं. म्हणाली, आधी रविवारी मशीन कसं लावतात ते बघते.